'सेक्शुअल हॅरॅसमेंट' हा शब्द नव्हता तेव्हा

जेंडर (समाजाने ठरवलेलं बाईपण-पुरुषपण), सेक्सिझम (बाई की पुरुष यावरून होणारा भेदभाव), हॅरॅसमेंट (छळ) हे इंग्रजी शब्द म्हणजे नुसती फॅशन, त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. अडत होतं, चांगलंच अडत होतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात कार्मिटा वुड म्हणून एक बाई आठ वर्षं नोकरीला होत्या, एका प्राध्यापकाच्या सतत अंगचटीला येण्यामुळे त्यांनी नोकरी सोडली, आणि बेकारभत्ता मागताना कारण विचारलं तर काय म्हणायचं तेच सुचेना, म्हणून 'वैयक्तिक' म्हणाल्या. अर्ज नामंजूर! मग १९७५ मध्ये त्यांच्या मदतीला जमलेल्या बायकांनी बसून 'सेक्शुअल हॅरॅसमेंट' हे नाव पक्कं केलं.

माझ्या पहिल्या नोकरीत साहेब स्क्रीनवर काहीतरी दाखवायच्या निमित्ताने खुर्चीमागून वाकायचे, खांद्यावरचा हात काही निघायचा नाही, आणि आम्ही मुली एकमेकींना सांगायचो की जाऊ दे, त्यांचा स्वभावच तसा आहे. 'छेडछाड' शब्द मला म्हणूनच खटकतो, त्यात थट्टामस्करीच जास्त ऐकू येते. 'हॅरॅसमेंट' हा शब्द कळला, त्यानंतरच मला हे घरी आईला सांगता आलं.