मदत हवी आहे : पाकिटावरची भीतीदायक चित्रे पाहून कोणाचे धूम्रपान खरोखर सुटते का?

पूर्वभागातली_लेक (गुरुवार, रात्री ९:४०)
सर्वांना नमस्कार. वडिलांचे धूम्रपान सोडवण्यासाठी मी पाकिटावर असतात तशी इशाऱ्याची चित्रे मोठ्या आकारात रंगीत छापून आणली आहेत आणि येत्या रविवारी ती घरभर लावणार आहे. त्यांतले एक चित्र मागच्या आठवड्यात आरशाशेजारी खिळ्याला अडकवून पाहिले होते. वडिलांनी एक शब्दही न बोलता ते भिंतीकडे तोंड करून उलटे लावले आणि त्या दिवसापासून ते दाढी अंगणातल्या नळावर करतात. माझ्या भावाचे म्हणणे असे की या चित्रांचा काही उपयोग होत नाही आणि मी विनाकारण घरातले वातावरण बिघडवते आहे. मला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : ही चित्रे पाहून माणूस खरोखर सोडतो का, आणि सोडत असेल तर कोणते चित्र सर्वांत जास्त परिणाम करते? ‘इच्छाशक्ती हवी’ हे वाक्य आमच्या घरात वीस वर्षे ऐकून झाले आहे, ते कृपया कोणी लिहू नये. उत्तर रविवारच्या आत हवे आहे.

औषधदुकान_सातरस्ता (गुरुवार, रात्री १०:०५)
ताई, वडिलांचे वय किती, ते काय ओढतात, दिवसाला किती ओढतात, कधीपासून ओढतात आणि यापूर्वी कधी सोडण्याचा प्रयत्न केला होता का, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. या गोष्टी कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देण्यासारखे होईल.

मास्तर_बार्शीकर (गुरुवार, रात्री १०:३०)
तुम्ही नको म्हटले आहे, तरीही लिहितो. मी अठ्ठावीस वर्षे सिगारेट ओढली आणि एका सकाळी बंद केली ती कायमची. तेव्हा पाकिटावर चित्रे नव्हती, बारीक अक्षरांतली एक ओळ असे. खिशात पाकिटाऐवजी भाजलेला ओवा आणि लवंगा ठेवल्या आणि तल्लफ आली की चिमूटभर तोंडात टाकू लागलो. मनाने घेतले तर चित्राची गरज नाही आणि मनाने घेतले नाही तर चित्राचा उपयोग नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मानसशास्त्र_शिकवतो (शुक्रवार, सकाळी ७:१५)
मास्तरांच्या अनुभवाचा मान राखून सांगतो की हा प्रश्न मतावर सोडण्याची गरज नाही, कारण तो प्रयोग करून तपासलेला आहे. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना आणि कॅलिफोर्निया या राज्यांतल्या २,१४९ धूम्रपान करणाऱ्या प्रौढांवर चार आठवडे एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांच्या पाकिटांवर चित्रांचा इशारा चिकटवला होता आणि उरलेल्यांच्या पाकिटांवर केवळ शब्दांचा. चित्रे पाहणाऱ्यांपैकी ४० टक्के लोकांनी त्या काळात सोडण्याचा प्रयत्न केला, तर शब्द वाचणाऱ्यांपैकी ३४ टक्के लोकांनी. शेवटी निदान सात दिवस धूम्रपानाविना काढलेले लोक पहिल्या गटात ५.७ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ३.८ टक्के. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे.

सिद्धेश्वर_पेठेतला (शुक्रवार, सकाळी ८:५०)
साहेब, तुमच्याच आकड्यांवरून दिसते की शंभर माणसांमागे दोन माणसांचा फरक पडला. ज्या घरात वडील आरशासमोर उभे राहायचे टाळू लागले आहेत, त्या घराने एवढ्याशा फरकासाठी ही किंमत द्यावी का? भावाचे म्हणणे मला पटते.

मानसशास्त्र_शिकवतो (शुक्रवार, सकाळी ९:२०)
शंभरात दोन हा आकडा एका घरासाठी लहान आहे, पण देशासाठी लहान नाही, कारण ते चित्र छापायला सरकारला काही खर्च येत नाही आणि ते कोट्यवधी माणसांच्या हातात दिवसातून अनेकदा जाते. म्हणूनच २००१ मध्ये कॅनडाने सुरुवात केल्यावर एकेक देश त्या वाटेने गेला. आपल्याकडे ३१ मे २००९ पासून पाकिटाच्या दर्शनी बाजूच्या ४० टक्के भागावर चित्र आले आणि १ एप्रिल २०१६ पासून दोन्ही बाजूंच्या ८५ टक्के भागावर. मात्र पाकिटावरचे चित्र आणि लेकीने भिंतीवर लावलेले चित्र यांत मोठा फरक आहे, हे मान्य करतो. पाकिटावरच्या चित्राला माणूस एकटा सामोरा जातो. भिंतीवरचे चित्र त्याला सगळ्यांसमोर गुन्हेगार ठरवते आणि मग तो व्यसनाशी लढायचे सोडून चित्राशी लढू लागतो.

जुळे_सोलापूर_रहिवासी (शुक्रवार, दुपारी १:१०)
माझ्या धाकट्या भावाचा मावा मी असाच सोडवला. त्याला चुलतभावाच्या लग्नाच्या पंधरा दिवस आधी दातांच्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी आरशात गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला आणि त्याने तिथेच पुडी टाकून दिली. महाराष्ट्रात धूम्रपानापेक्षा चघळण्याच्या तंबाखूचे प्रमाण कितीतरी जास्त आहे, त्यामुळे आधी मावा आणि गुटखा यांवर बोलले पाहिजे.

औषधदुकान_सातरस्ता (शुक्रवार, दुपारी १:४०)
तुमच्या भावाचे अभिनंदन, परंतु ताईंचा प्रश्न मावा खाणाऱ्याविषयी नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या अनुभवातून घेण्यासारखी आहे : भावाने परक्याच्या तोंडाचे छायाचित्र पाहिले नाही, त्याने स्वतःचा गाल पाहिला, आणि त्या वेळी पुढचा उपाय सांगणारा डॉक्टर शेजारीच उभा होता. ताई, माझ्या पाच प्रश्नांची उत्तरे अजून आलेली नाहीत.

हातमाग_ते_यंत्रमाग (शुक्रवार, दुपारी ३:३०)
या चित्रांमुळे विडीचा खप घटला तर सोलापूरच्या बायकांनी काय करायचे, हेही कोणी लिहील का? येथे हजारो बायका विड्या वळून घर चालवतात. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती याच कष्टकरी बायकांसाठी.

सिद्धेश्वर_पेठेतला (शुक्रवार, दुपारी ४:००)
तो प्रश्न खरा आणि मोठा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा. येथे एका मुलीला रविवारच्या आत उत्तर हवे आहे.

पूर्वभागातली_लेक (शुक्रवार, रात्री ९:१५)
मी दिवसभर कामावर होते. दोन प्रश्न विचारले होते, त्यांपैकी एकाचे उत्तर मिळाले आणि दुसऱ्याकडे कोणी पाहिलेही नाही. असो, विचारलेली माहिती देते. वडील ५८ वर्षांचे आहेत, यंत्रमागावर काम करत होते आणि गेली तीन वर्षे घरी आहेत. ते विडी ओढतात, दिवसाला वीस-बावीस, आणि हे मी जन्मल्यापासून पाहत आले आहे. वेगळा धागा काढण्याची गरज नाही, कारण माझी आई स्वतः विड्या वळते. ज्या विड्या कारखान्यात छाट, म्हणजे नापास, होतील असे तिला वाटते, त्या ती मोजणीच्या आधीच टोपलीतून बाजूला काढून फडताळातल्या डब्यात ठेवते आणि वडील त्याच ओढतात. चित्र कोणते लावू, तेवढे सांगावे.

औषधदुकान_सातरस्ता (शुक्रवार, रात्री ९:४०)
ताई, तुम्ही सहज लिहिलेल्या या वाक्यात सगळे उत्तर आहे. तुमच्या वडिलांनी विडीचे बंडल शेवटचे विकत कधी घेतले?

पूर्वभागातली_लेक (शुक्रवार, रात्री ९:५५)
मला आठवत नाही. आईला विचारले, तर ती म्हणाली की लग्न झाल्यापासून त्यांनी बंडल विकत घेतलेलेच नाही.

मानसशास्त्र_शिकवतो (शुक्रवार, रात्री १०:२०)
म्हणजे ज्या इशाऱ्याच्या परिणामाविषयी आपण दोन दिवस वाद घालत आहोत, तो इशारा या गृहस्थांच्या हातात कधी आलेलाच नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली, तिच्यामागचे एक कारण हेच होते की सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसत नाही आणि पाकीट दिसले नाही की इशाराही दिसत नाही. तुमच्या घरात तर पानपट्टीचीही गरज पडली नाही. देशभरात २०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात, पाकिटावरचा इशारा पाहून सोडण्याचा विचार मनात आला असे सांगणारे लोक सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ६१.९ टक्के होते आणि विडी ओढणाऱ्यांमध्ये ५३.८ टक्के. विडीवाल्यांचा आकडा कमी असण्यामागे हेही एक कारण असावे, असे मला वाटते. आणखी एक गोष्ट सांगतो. विडी साधी आणि देशी म्हणून सौम्य, ही समजूत चुकीची आहे. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने ओढावी लागते, आणि तंबाखू कमी असूनही तिच्यातून निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा जास्त मिळते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या प्रयोगात आहे. येल विद्यापीठात १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयीची पत्रके वाचायला दिली होती, काहींना फार भयंकर वर्णनाची आणि काहींना सौम्य. नुसते पत्रक वाचून लस घ्यायला गेलेले विद्यार्थी तीन टक्के होते. ज्यांना पत्रकासोबत दवाखान्याचा नकाशा दिला आणि तिथे केव्हा जाणार हे ठरवायला सांगितले, त्यांच्यातले २८ टक्के गेले. भीती किती भयंकर होती, यावरून फरक पडला नाही. म्हणून कोणते चित्र लावू, याऐवजी चित्राखाली काय लिहू, हा प्रश्न विचारा.

मास्तर_बार्शीकर (शनिवार, सकाळी ६:५०)
नकाशाचे पटले. पण शेवटी चालत जाणारे पाय त्या विद्यार्थ्यांचेच होते ना? वडिलांनी मनावर घेतले आहे की नाही, हे कोणी विचारतच नाही. ताई, ते स्वतः कधी ‘सोडतो’ म्हणाले आहेत का?

पूर्वभागातली_लेक (शनिवार, सकाळी ८:३०)
म्हणाले आहेत, आणि त्यांनी सोडलीही होती. मागच्या दिवाळीत चार दिवस एकही विडी ओढली नाही. पाचव्या दिवशी डोके फुटते म्हणून कपाळाला उपरणे आवळून बसले होते, हात थरथरत होते, आईवर विनाकारण ओरडले आणि संध्याकाळी फडताळ उघडले. त्यानंतर आम्ही सगळ्यांनी त्यांना खूप बोललो. मीसुद्धा.

औषधदुकान_सातरस्ता (शनिवार, सकाळी ९:१०)
ताई, याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. निकोटिन बंद झाले की डोके दुखणे, चिडचिड आणि झोपमोड होते. पहिले दोन-तीन दिवस हा त्रास सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. तुमच्या वडिलांनी सर्वांत कठीण दिवस कोणत्याही औषधाशिवाय काढले होते, आणि हे त्यांना आजवर कोणी सांगितले नसेल तर ते तुम्ही सांगा. आता तीन गोष्टी कळवा : सकाळी उठल्यापासून पहिली विडी किती वेळात ओढतात, रक्तदाबाचा किंवा हृदयाचा काही आजार आहे का, आणि दात कसे आहेत?

जुळे_सोलापूर_रहिवासी (शनिवार, सकाळी ९:३०)
इलेक्ट्रॉनिक सिगारेट का देत नाही? तिच्यात धूर नसतो.

औषधदुकान_सातरस्ता (शनिवार, सकाळी ९:३५)
इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या विक्रीवर आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. कृपया असा सल्ला देऊ नये.

पूर्वभागातली_लेक (शनिवार, दुपारी १२:००)
पहिली विडी चहाच्याही आधी, अंथरुणातून उठल्याबरोबर ओढतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे. दातांचा प्रश्न कशासाठी? त्यांना वरची कवळी आहे.

औषधदुकान_सातरस्ता (शनिवार, दुपारी १२:२५)
निकोटिनचा च्युइंगगम सांगणार होतो, म्हणून दात विचारले. तो साध्या गमसारखा सतत चघळायचा नसतो. तोंडात झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचा असतो, आणि त्याच्या आधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नसतो. पण कवळीला तो चिकटतो, त्यामुळे तुमच्या वडिलांना त्वचेवर लावायची निकोटिनची पट्टी अधिक सोयीची पडेल. उठल्याबरोबर विडी लागते, याचा अर्थ शरीराची सवय खोल आहे. रक्तदाबाची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मात्र काहीही सुरू करू नका, पट्टीची मात्रा तेच ठरवतील. आणि तुमच्याकडच्या छापील चित्रांवर एक क्रमांक असेल, १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो प्रत्येक पाकिटावर छापला जातो. फोन मोफत आहे, समुपदेशक मराठीतही बोलतात. सोमवारी मात्र तो बंद असतो.

सिद्धेश्वर_पेठेतला (शनिवार, दुपारी १:००)
आणि फडताळातला तो डबा? पट्टी लावून माणूस बसला आणि विडी हाताला येईल एवढ्या अंतरावर राहिली, तर कोणते औषध पुरे पडणार?

पूर्वभागातली_लेक (बुधवार, रात्री ८:४५)
चित्रे लावली नाहीत. रविवारी वडिलांना एवढेच म्हटले की दिवाळीतले ते चार दिवस सर्वांत कठीण असतात हे आम्हाला माहीत नव्हते, आणि तेव्हा जे बोलले त्याचे मला वाईट वाटते. ते बराच वेळ गप्प राहिले, मग त्यांनी आरशाशेजारचे चित्र स्वतः सरळ केले आणि चष्मा लावून खालचा क्रमांक वाचला. सोमवारी फोन लागणार नाही हे ठाऊक होते, म्हणून मंगळवारी सकाळी लावून दिला. ते बाहेर ओट्यावर बसून पंचवीस मिनिटे बोलले आणि येत्या शुक्रवारची तारीख ठरवून आत आले. आज डॉक्टरांनी पट्टी लिहून दिली आहे. आईने डब्यातल्या विड्या काल बादलीतल्या पाण्यात टाकल्या, आणि बाजूला काढायच्या विड्या आता ती त्याच वेळी पाने उसवून तंबाखू परत सुपात झाडते. एकच विचारायचे राहिले : पट्टी अंघोळीच्या वेळी काढायची का?

औषधदुकान_सातरस्ता (बुधवार, रात्री ९:००)
काढायची नाही, ती पाण्याने सुटत नाही. दंडावर किंवा छातीवर केस नसलेल्या कोरड्या जागी लावा, दहा सेकंद तळहाताने दाबून धरा आणि रोज जागा बदला, नाहीतर कातडी लाल होते. पट्टी लावलेली असताना विडी ओढायची नाही, हे त्यांना शुक्रवारच्या आधी एकदा समजावून सांगा.