व्हर्मिअरची प्रतिकृती करून तैलरंगातला चेहरा शिकता येईल का?

जलरंगी:
चिपळूणच्या शाळेत चित्रकला शिकवते. हात सगळा जलरंगावर बसलेला. आता तैलरंगात व्यक्तिचित्र शिकायचंय, पण जवळपास शिकवणारं कुणी नाही. म्हणून सतराव्या शतकातला डच चित्रकार योहानेस व्हर्मिअर याचं 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग' समोर ठेवून करायला घेतलंय. चौकटी पाडून रेखाटन नेमकं उतरलंय, तरी रंग चढला की चेहरा मुखवटा वाटतो. नाकाची रेघ तर डोळ्यांत खुपते. त्वचेचा रंग कशात काय मिसळून करू?

जवसतेल:
ताई, त्वचेचं नंतर. आधी नाकाची ती रेघ पुसा. मॉरिट्सहाउस संग्रहालयाच्या संकेतस्थळावर या चित्राची मोठी प्रत मिळते, ती वाढवून बघा. नाकाचा दांडा आपल्या डावीकडच्या गालात मिसळून गेलाय, दोन्हींवर जवळपास एकच टोन, म्हणजे सारखाच उजळपणा आहे. मधे रेघ नाहीच! तरी आपल्याला नाक दिसतं, कारण नाकपुडीखालची सावली आणि दांड्याची उजवी बाजू बिनचूक आहे. व्हर्मिअर शिकायचा तो इथे. रेखाटन कितीही नेमकं असलं तरी रंगवताना ते सोडता आलं पाहिजे.

दुसरं म्हणजे क्रम. जलरंगात तुम्ही कागदाचा पांढरा राखून गडदाकडे जाता. इथे उलटं करा. व्हर्मिअरनेही आधी तपकिरी-काळ्या छटांत चित्र मांडून घेतलं होतं, तपासणीत ते दिसलंय. तुम्ही बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसती उजेड-सावली मांडा. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा मात्र वाळायला रेंगाळतो, खालच्या थरात तो टाळाच. पुढच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं वाढवत न्या, नाहीतर पुढे तडे जातात. या एकरंगी अवस्थेत चेहरा उभा राहिला नाही तर रंगाने राहणार नाही.

त्वचेला यलो ऑकर (मातकट पिवळा), लाइट रेड (विटकरी लाल), टायटॅनियम व्हाइट आणि चिमूटभर काळा पुरे. सावलीत पांढरा घालू नका, ती राखाडी होऊन मरते. ओठांच्या कोपऱ्यात एक इवलासा गुलाबी ठिपका आहे, तो सोडू नका. तेवढ्याने ओठ ओले दिसतात.

डूल शेवटी, आणि त्याचा गोल आखू नका. वर डावीकडे जाड पांढऱ्याचा एक फटकारा, खाली कॉलरचं मंद प्रतिबिंब, एवढ्यातच मोती आहे. अडकवायची कडीसुद्धा त्याने रंगवलेली नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा संध्याकाळभर दुसरं काही सुचलं नव्हतं मला.

कोरा कॅनव्हास:
पार्श्वभूमीला सरळ ट्यूबमधला काळा फासू नका. 2018 च्या तपासणीनंतर कळलं की तिथे हिरवा पडदा होता. नीळ आणि वेल्ड या वनस्पतीचा पिवळा यांचा पारदर्शक थर होता, त्याचा रंग कालांतराने उडाला. आणि मूळ चित्र 44.5 × 39 सेंटिमीटर आहे, तुमचं मुद्दाम वेगळ्या मापाचं घ्या. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात प्रतिकृती करणाऱ्यांनाही मूळ माप चालत नाही. मागे 'व्हर्मिअरवरून' असं लिहून ठेवा.

जलरंगी:
जवसतेल, सावलीत पांढरा! तिथेच घोटाळा होत होता, आत्ता कॅनव्हासकडे बघताना कळतंय. आणखी एक विचारते. पावसाळ्यात इथे कपडे वाळत नाहीत, तिथे रंग कसा वाळायचा?

जवसतेल:
तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, पाणी उडून नाही. त्यामुळे वाळेल, पण सावकाश. थर पातळ ठेवा, पाठीमागून बुरशी येते म्हणून कॅनव्हास भिंतीला टेकवू नका. टर्पेंटाइनसाठी खिडकी उघडी हवीच. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. अंबरचा थर झाला की फोटो टाका, रंग चढवायच्या आधी बघू.