मदत हवी आहे : मिग-२१ बिसच्या पोटाखालची इंधनाची टाकी ४९० लिटरची का ८०० ची?

मंडळी नमस्कार, साताऱ्यातनं लिहितोय. १/७२ ची (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढी) विमानांची मॉडेलं चार-पाच वर्षं करतोय पण आजवर बॉक्सवरचं चित्र बघायचं आणि चिकटवायचं एवढंच, यावेळी मात्र पार अडकलोय.

झालं असं, माझे चुलते, आम्ही तात्या म्हणायचो, एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर होते. जाऊन तीन वर्षं झाली. २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो टीव्हीवर बघितला आणि काकूंनी दुसऱ्या दिवशी ट्रंक खाली काढायला लावली, त्यात एक फोटो निघाला. तात्या विमानापुढं उभे, फोटोमागं निळ्या शाईत १९८३, बाकी काय नाय. आता काकूंना याच विमानाचं मॉडेल शोकेसमध्ये हवंय. "हेच म्हंजे हेच" असं दोनदा बजावलंय.

विमान मिग-२१ चा बिस हा प्रकार आहे यात मला शंका नाही, काकूंना तो शब्द पाठ आहे. शिवाय पंखाखाली एका बाजूला दोन पायलन (टाकी, बॉम्ब टांगायचे खांब) दिसतात, जुन्या एफएल प्रकाराला एकेकच असायचा. बाहेरच्या पायलनवर ४९० लिटरची टाकी लागते पण फोटोत तिथं काही नाही, रिकामे आहेत, तेवढं एक काम वाचलं. घोळ आहे पोटाखाली. तिथं ४९० पण लागते आणि ८०० पण, किटवाल्यानं दोन्ही दिलेत आणि कागदावर नुसतं "ऐच्छिक" असं चिन्ह. आणि फोटोत नेमके तात्याच टाकीपुढं उभे! टाकीचं नाक आणि मधला भाग त्यांच्या मागं गेला, शेपटाकडचा तुकडा फक्त दिसतो मेन व्हीलच्या बाजूला.

मी पट्टी लावून बघितलं. मेन व्हीलचा टायर ८०० मिलिमीटरचा, म्हणजे १/७२ मध्ये साधारण ११ मिमी, त्यावरनं टाकीची लांबी काढायला गेलो तर प्रत्येक वेळी वेगळा आकडा. फोटो तिरका काढलाय हे नंतर डोक्यात आलं. कुणी यातनं मार्ग काढलाय का? काकूंना आता काय विचारायचं, त्यांच्या मते टाकी "मोठी होती", आणि माणसाशेजारी दोन्ही मोठ्याच की.

प्रतिसाद १ : सांगलीहून. गणित सोडा दादा. तिरक्या फोटोत लांबी आखडते, टायरची उंची आखडत नाही, म्हणून तुमचा आकडा दरवेळी चुकतोय. दोन्ही टाक्या ब्लूटॅकनं (परत काढता येणारी चिकट पुट्टी) आळीपाळीनं लावा, व्हीलं पण नुसती बसवा, आणि मोबाईल लांब ठेवून झूम करून त्याच कोनातनं फोटो काढा. जवळनं काढला तर नाक फुगल्यासारखं येतं, फसाल. मग शेपूट व्हीलच्या कुठपर्यंत येतंय ते शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि एक, टाकी कुठलीही लावा, मागचा एअरब्रेक (वेग कमी करायला पोटाखाली उघडणारी फळी) बंदच चिकटवा. पोटाखाली टाकी असली की तो उघडत नाही. बऱ्याच जणांचं तिथं चुकतं, उघडा एअरब्रेक आणि खाली टाकी, दिसायला झकास पण खोटं.

प्रतिसाद २ : हे पोटाखालचं टाकीच आहे ना पण? एफएलला आत गन नव्हती म्हणून तिथं टाकीच्या जागी जीपी-९ गनपॉड (बाहेरनं टांगायची तोफेची पेटी) लावायचे, त्यावरनं मी एकदा फसलोय.

धागाकर्ता : नाही हो, बिसला गन आतच आहे, २३ मिमीची, त्यामुळं पॉडचा प्रश्न येत नाही. तरी बरं झालं विचारलंत, मी पण परत भिंग घेऊन बसलो.

अपडेट : काल रात्री लाईट गेली तेव्हा मोबाईलच्या टॉर्चवरच केलं ब्लूटॅकचं काम (पाऊस असा लागलाय की तसंही स्प्रे मारता येत नाही, लॅकर पांढरा पडतो). छोट्या टाकीचं शेपूट फोटोतल्याएवढं मागं येतच नाही, कितीही कोन फिरवला तरी. मोठीचं बरोबर बसलं. म्हणजे ८००! सांगलीकर, तुमचे उपकार. सकाळी काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, "मोठी म्हणून सांगितलं नव्हतं का."

आता पुढचं. फोटो ब्लॅक अँड व्हाईट आहे आणि टाकी पोटापेक्षा उजळ दिसते. चांदी मारू का फिकट करडा? ऐंशीच्या सुमाराचे बिसचे रंगीत फोटो कुणाकडं असतील तर टाका, बेस कोट रविवारी मारायचाय, ऊन पडलं तर.