लढाया खऱ्या, पण हिशेब अपुरा

'ख्रिस्ती आणि मुसलमान पहिल्यापासून एकमेकांच्या जिवावर उठलेत' असं सर्रास म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. १०९९ मध्ये क्रूसेडवाल्यांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, जेरुसलेममध्ये केलेली कत्तल किंवा मुस्लिम राजवटींतला बिगर-मुस्लिमांवरचा जिझिया कर, यातलं काहीच नाकारायचं कारण नाही. पण त्याच जेरुसलेममध्ये येशूच्या थडग्यावरच्या चर्चची किल्ली शतकानुशतकं मुस्लिम घराण्याकडे आहे. (आत ख्रिस्ती पंथांचीच आपसात जुंपते, तो भाग वेगळा!)

खरी गोम श्रद्धेत आहे. मुसलमानाला येशू परका नाही. कुराणात तो ईसा नावाचा पैगंबर आहे, कुमारी मरियमचा मुलगा. तिच्या नावाची अख्खी सूरा, म्हणजे कुराणाचा एक अध्याय, आहे. मात्र तो देवाचा पुत्र नाही आणि क्रुसावर मेलाही नाही, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचा गाभाच अमान्य. उलट बाजूने पाहिलं तर मुहंमदांना ख्रिस्ती धर्मशास्त्रात जागाच नाही. आठव्या शतकात दमास्कसचा योहान या ख्रिस्ती धर्मपंडिताने इस्लामला सरळ पाखंडांच्या यादीत टाकलं. कॅथलिक चर्चने मुसलमानांबद्दल आदर असल्याचं १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केलं खरं, पण त्या मजकुरातही मुहंमदांचं नाव कुठेच नाही.