मदत हवी आहे: प्रतिपिंडनिर्मिती दाबणाऱ्या टी पेशींच्या प्रथिनाचे आजचे नाव काय?

अभ्यासू_पुणे: सोमवारी चर्चासत्रात मला एक जुना शोधनिबंध मांडायचा आहे. टी पेशींतून (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींतून) मिळालेले एक प्रथिन ठरावीक प्रतिजनाविरुद्धची (शरीर ज्याला प्रतिकार करते त्या पदार्थाविरुद्धची) प्रतिपिंडनिर्मिती तेवढी दाबते, असे त्यात म्हटले आहे. परंतु पाठ्यपुस्तकात ते कुठेच सापडत नाही. कृपया नाव लवकर सांगावे.

पेशीवेल्हाळ: वर्ष, प्राणी, प्रतिजन यांपैकी काहीच न सांगता नाव कसे सांगणार? बहुधा तुम्हाला फॉक्सपी३ हे प्रथिन असलेल्या, प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशी अभिप्रेत असाव्यात. साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवलेल्या याच पेशींवरील कामाला २०२५ चे नोबेल मिळाले.

रक्तपेढीकर: विशिष्ट दमनाचे खरे उदाहरण अँटी-डी इंजेक्शनाचे, म्हणजे डी प्रतिजनाविरुद्धच्या तयार आयजीजी प्रतिपिंडांचे आहे. आरएच निगेटिव्ह मातेला ते वेळेवर दिल्यास बाळाच्या तांबड्या पेशींवरील डी प्रतिजनाविरुद्ध तिच्या शरीरात सहसा प्रतिपिंडे तयार होत नाहीत. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींवरील एफसी-गॅमा-आरटूबी हा ग्राहक (रिसेप्टर) हे घडवतो, असे मानले जाते.

पेशीवेल्हाळ: विचारले आहे टी पेशींविषयी. शिवाय तो ग्राहक नसलेल्या उंदरांतही आयजीजी मेंढीच्या तांबड्या पेशींविरुद्धचा प्रतिसाद दाबते, हे १९९९ मध्येच दिसले आहे.

अभ्यासू_पुणे: वर्ष १९७५, उंदीर, प्रतिजन केएलएच (एका समुद्री गोगलगायीचे प्रथिन). थायमस व प्लीहेच्या पेशी फोडून अर्क काढला आहे. मला फक्त नाव हवे आहे.



जुना_प्रयोगकर्ता: हे जपानी प्रतिकारशास्त्रज्ञ तोमिओ तादा यांच्या गटाचे काम दिसते. गेर्शॉन आणि कोंडो यांनी १९७० मध्ये दमनकारी टी पेशींची कल्पना मांडल्यावर अशा घटकांचा शोध जोरात सुरू झाला, आणि १९७६ मध्ये त्यांच्याशी संबंधित आय-जे हे जनुक उंदराच्या एमएचसीमध्ये (प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांच्या समूहात) असल्याचे सांगण्यात आले. मात्र १९८२ मध्ये तो डीएनएचा पट्टा क्लोन करून तपासला, तेव्हा तेथे अशा स्वतंत्र जनुकाला जागाच नव्हती. त्या प्रथिनाचे जनुक कधीच हाती न लागल्यामुळे त्याला आजचे नाव नाही.

पेशीवेल्हाळ: म्हणजे सारेच खोटे होते!

जुना_प्रयोगकर्ता: दमन अनेक प्रयोगशाळांत दिसले होते, फसला तो त्याचा रेणू. आज आपण विशिष्टता टी पेशीच्या ग्राहकात मानतो, तर सीटीएलए-४ किंवा इंटरल्यूकिन-१० यांसारखे दमन करणारे रेणू प्रतिजन कोणतेही असले तरी तेच असतात.

अभ्यासू_पुणे: मग स्लाइडवर काय लिहू?

जुना_प्रयोगकर्ता: निबंधातलेच, म्हणजे टी पेशींचा दमनकारी घटक, असे लिहावे, आणि पुढच्याच स्लाइडवर आय-जेचा घोळ मांडावा, पहिला प्रश्न त्यावरच येईल.