नजर चुकवणारं मूल खोटंच बोलतं का?

कोथरूडची_आई
सोसायटीच्या ग्रुपवर काल एका व्यक्तिमत्त्व विकास शिबिराची पोस्ट फिरली. संवादात शब्द फक्त ७ टक्के, देहबोली ५५ टक्के. हाताची घडी म्हणजे मन बंद. नजर चुकवणारं मूल काहीतरी लपवतंय. खाली नुसती अंगठ्यांची रांग. मला राहवेना.

हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचा, चेहऱ्याचे फोटो दाखवायचे आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढंच विचारायचं. सूत्र भावनांपुरतंच आहे, असं ते स्वतः सांगत आले. त्यावर मुलांना कसलं जोखता? माझ्या लेकीला शाळेतून शेरा आला, ‘डोळ्यांत बघून बोलत नाही, आत्मविश्वास कमी.’ मोठं माणूस रागावलं की ‘वर तोंड करून बघतेस काय’ हे ऐकत ती वाढलीय. ती शिकवल्याप्रमाणेच वागतेय.

विवेक_बाणेर
सगळंच शिकवलेलं असतं हे पटत नाही. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधल्या ज्युदोपटूंचे फोटो मात्सुमोटो आणि विलिंगहॅम यांनी तपासले. जन्मांध खेळाडूंनी कुणाचा चेहरा कधी पाहिलेला नाही, तरी जिंकल्या-हरल्यावर त्यांचे चेहरे डोळसांसारखेच. आणि मी हिंजवडीत मुलाखती घेतो. पोरं टेबलाकडे बघून उत्तरं देतात. मी काय ओळखायचं?

कोथरूडची_आई
उत्तर ऐकून ओळखा. भाव जन्मजात, कबूल. कुणासमोर झाकायचे हे शिकलेलं. एकमन आणि फ्रीसन यांच्या प्रयोगात जपानी आणि अमेरिकी विद्यार्थी अंगावर येणारी फिल्म एकटे बघताना सारखेच चेहरे करत. प्रयोग घेणारा खोलीत असला की जपानी मुलं हसून झाकत. आणि खोटं ओळखण्याचं म्हणाल, तर बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये ढीगभर प्रयोग एकत्र तपासले. लोकांचा अंदाज सुमारे ५४ टक्के वेळा बरोबर. नाणं उडवलं तरी ५०!

नारायणपेठेतले_गुरुजी
आमच्या वडिलांनी नुसते डोळे वटारले की पाहुण्यांसमोर आम्ही दुसऱ्या लाडवाला हात लावत नव्हतो. आता आईबाप पोरांशी वाटाघाटी करतात आणि पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. यावर बोला.

अदिती_धायरी
काका, त्या डोळ्यांमागचा पट्टा तुम्ही गाळलात. वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये अल्बर्ट नावाच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवताना मागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणला. पुढे नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडायचं. माझ्या वडिलांनी हात उचलणं कधीच सोडलं, तरी आजही त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की माझ्या पोटात गोळा येतो. याला संस्कार म्हणायचं?

नारायणपेठेतले_गुरुजी
जन्मदात्याबद्दल चारचौघांत असं लिहिता? त्याच धाकाने शिकलात. मी वर्गात छडी कधी धरली नाही. फळ्याकडून वळून बघायचो, तेवढं पुरायचं.

अदिती_धायरी
मी आईमुळे शिकले, धाकामुळे नाही! तुम्ही धरली नसेल, शेजारच्या वर्गात होती ना? मानसशास्त्रज्ञ बंडुरांच्या १९६५ च्या प्रयोगात फिल्ममध्ये बाहुल्याला मारणाऱ्या माणसाला शिक्षा होताना पाहिलेल्या मुलांनी त्याची नक्कल कमी केली. मार दुसऱ्याला बसला तरी मूल शिकतं.

पाळणाघर_कर्वेनगर
तुम्ही दोघंही मारावरच अडलात. १९८५ मधला प्रयोग आहे. काचेखाली खोल भासणारी पायरी, वर वर्षभराचं बाळ, पलीकडे आई. आई हसरी असताना १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. तिने भेदरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही नाही. माझ्याकडे रोज हेच दिसतं. पोर पडलं की आधी माझ्याकडे बघतं, मग रडायचं की नाही ते ठरवतं. विश्वास असला की नजर पुरते.

नारायणपेठेतले_गुरुजी
हे पटण्यासारखं आहे. शेजारच्या वर्गात छडी होती, तेही खरं. पण वडिलांबद्दल लिहिलंत ते मला आवडलेलं नाही.

विवेक_बाणेर
मूळ विषय राहिला. बरं, मुलाखतीच्या कागदावर नजरेला मार्क देणं मी थांबवतो. पण परदेशी ग्राहकासमोर पोरांना वर बघावंच लागेल. ते कोण शिकवणार?

कोथरूडची_आई
मी शिकवीन, घरातली रीत न मोडता. तो शेरा मात्र काढायला लावणार. सोमवारी शाळेत जातेय.