शब्द हवा : रोज कामाला जाऊनही गरीब राहणाऱ्यांसाठी

तासगावकर
ब्रिटनमधल्या गरिबीवरचा एक लेख मराठीत करतोय. त्यात 'इन-वर्क पॉव्हर्टी' पानोपानी आहे. घरातलं माणूस कामाला जातं, पैसे येतात, तरी घर गरिबीतच. युरोपात मोजायची रीत अशी, की देशातल्या मधल्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांहून कमी उत्पन्न असलेल्या घरातला कामकरी माणूस यात धरतात.

आधी 'सकाम दारिद्र्य' लिहिलं. पण सकाम म्हटलं की भक्तीच आठवते. मग संपादकांनी 'कार्यरत दारिद्र्य' सुचवलं. ते वाचून दारिद्र्यच कुठंतरी कामावर आहे असं वाटतं. शेवटी आईला विचारलं. ती म्हणाली, "म्हंजी रोजगाराला जाणारी माणसं की. त्याला शब्द कशाला हुडकाय लागतोय?" म्हणून 'रोजगारातली गरिबी' केलं, तर संपादकांनी खोडलं. त्यांचं म्हणणं, रोजगार म्हणजे नोकरी, आणि रोजगार मिळाला की गरिबी जाते असंच वाचक समजणार. तुम्हाला काय वाटतं?

गुरुजी, सातारा
संपादकांचं बरोबर आहे. रोजगार हा फारसी शब्द. तिकडे त्याचा अर्थ काळ, दिवस; आपल्याकडे उपजीविकेचं साधन. स्वयंरोजगार, बेरोजगार, रोजगार मेळावा, सगळीकडे तोच अर्थ. पारिभाषिक शब्द चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत एकच कळला पाहिजे, दोन तालुक्यांपुरता अर्थ घेऊन भागत नाही. 'अल्पवेतनी दारिद्र्य' घ्या.

कोरेगावची
गुरुजी, दोन तालुक्यांपुरता म्हणू नका. आमच्याकडे बँकेत जाणारा नोकरीला जातो, कंपनीत जाणारा कामाला जातो, आणि दुसऱ्याच्या रानात जाणारी बाई रोजगाराला जाते. तिन्ही शब्द वेगळे आहेत, कुणी एकाच्या जागी दुसरा वापरत नाही.

माझी आई आलं काढायला जायची. संध्याकाळी यायची तेव्हा नखांत माती इतकी घट्ट बसलेली असायची, की भाकरी थापायच्या आधी बाभळीच्या काट्यानं ती काढत बसायची. पाचवीत शाळेच्या फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' पुढं मी 'रोजगार' लिहिलं. सरांनी ते खोडून 'गृहिणी' केलं. पहाटे भाकरी बांधून जाणारी बाई गृहिणी कशी, हे मला अजून कळलेलं नाही. तुमच्या संपादकांनी खोडलं हे वाचलं आणि तेच आठवलं.

विट्याचा मागवाला
आपल्याकडं 'हातावरचं पोट' आहे की. आणखी कशाला शोधायचं?

गुरुजी, सातारा
त्यात अनिश्चिती आहे. आज काम मिळालं तर चूल पेटणार. तासगावकरांना नेमकं उलटं हवंय : काम रोज आहे, तरी भागत नाही.

विट्याचा मागवाला
हे मान्य. माग बारा-बारा तास चालतो, काम चुकत नाही. पण मजुरी कापडाच्या मीटरवर, आणि घरात कुणी आजारी पडलं की मालकाकडून उचल. मग अंगावर पैसे. आमच्यात गरीब कुणी म्हणत नाही, 'त्याच्या अंगावर लई हाय' म्हणतात. ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या कोयत्यांचं तेच, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. कारखान्याला काम भरपूर, पण हंगाम संपला तरी मुकादमाची उचल फिटत नाही.

कोरेगावची
'गरीब'वरून आठवलं. अरबीत गरीब म्हणजे परका, आपल्या मुलखाबाहेरचा. फडात पालं ठोकून राहणाऱ्या त्या लोकांना तर तो शब्द मूळ अर्थानंच लागू पडतो.

गुरुजी, सातारा
व्युत्पत्ती बरोबर आहे, पण व्युत्पत्तीवर अर्थ चालत नाही. पगार पोर्तुगीज आहे म्हणून आपण तो टाकून देत नाही. आपल्याच संविधानात, ४३ व्या अनुच्छेदात, शेतमजुरासकट सगळ्या कामगारांना 'निर्वाह वेतन' मिळवून देण्याचा प्रयत्न राज्यानं करावा असं आहे. १९४८ च्या कायद्यात मात्र 'किमान वेतन' आलं. किमान आणि निर्वाह या दोहोंमध्ये जे अंतर आहे, तीच तुमची ही गरिबी. 'निर्वाहाखालचं वेतन' म्हणा, दोष माणसाकडे न जाता वेतनाकडे जातो.

तासगावकर
गुरुजी, हे आवडलं. लेखातही हाच मुद्दा आहे. राउंट्री या अभ्यासकानं १८९९ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघर पाहणी केली, तेव्हा अगदी खालच्या गरिबीचं निम्म्याहून अधिक कारण कमी मजुरी निघालं. आळस, दारू ही कारणं लोक धरून बसले होते.

पण पुढं दुसरी अडचण आहे. मजुरी पुरत नाही म्हणून सरकार वरून भर घालतं. १७९५ साली इंग्लंडातल्या बर्कशरमध्ये, स्पीनहॅमलंडला, पावाचा भाव आणि घरातली तोंडं बघून गावच्या निधीतून भर घालायची रीत सुरू झाली. टीका अशी, की भर गाव घालतंय म्हटल्यावर मालक मजुरी वाढवतच नाही. आजच्या युनिव्हर्सल क्रेडिटवरही, म्हणजे कमी कमाईच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्यावरही, तेच भांडण चालू आहे. या सगळ्याला 'कल्याणकारी राज्य' लिहायला माझा हात धजत नाही. कल्याण म्हटलं की कुणीतरी वरून आशीर्वाद देतंय असं वाटतं.

कोरेगावची
मग 'हमी' घ्या! तुमच्याच तालुक्यातला शब्द आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळात ते काम राज्यभर गेलं आणि १९७७ मध्ये कायदा झाला. कल्याण कुणी करावं लागतं, हमी मागता येते.

आणि गुरुजी, त्या कायद्याचं नाव काय? रोजगार हमी. ती नोकरीची हमी होती का? खडी फोडायची, नाला बांध घालायचा, दिवसाची मजुरी घ्यायची. माझी आजी दुष्काळी कामावर होती, पदरात सुकडी बांधून आणायची पोरांना. तासगावकरांच्या आईचा 'रोजगार' कायद्याच्या नावात आहे, आणि संपादक म्हणतात तो बोलीतला!

गुरुजी, सातारा
कायद्याच्या नावाचा मुद्दा बिनतोड आहे. तरीही 'रोजगारातली गरिबी' आजचा शहरातला मुलगा चुकीचाच वाचेल, यावर मी ठाम आहे.

विट्याचा मागवाला
त्या मुलाला समजावून सांगायचं एका ओळीत. प्रत्येक वेळी आपणच का शब्द सोडायचा?

एक वेगळं विचारतो. रोजगाराच्या दिवसाच्या पैशाला तुमच्याकडं हजरी म्हणतात का हाजरी? आमच्यात 'आज हजरी किती काढली' असं म्हणतात.

कोरेगावची
हजरी. हाजरी शाळेतली.

गुरुजी, सातारा
दोन्ही मूळ हजेरीच. लिहिताना हजेरीच लिहावं.

विट्याचा मागवाला
हजेरी लिहिलं तर पैसे कुठं दिसले त्यात, गुरुजी?

तासगावकर
आईला आत्ता हे सगळं वाचून दाखवलं. ती विचारते, "त्या तिकडच्या बायकांना हजरी किती पडती?" लेखात दिवसाचा आकडाच नाही. तिथं १९९९ पासून किमान वेतन आहे, ते तासावर. तासाच्या मजुरीला कुणाकडे वेगळा शब्द आहे का?